टोक मोडलं तेव्हाचं वाक्य

ता. ४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांच्या घराण्यावरचा आमचा माहितीपट तुम्ही अर्धाच पाहून गॅलरीत निघून गेलात, असं आईने कळवलं. वीस वर्षं ज्यांची भाषणं लघुलिपीत टिपलीत, त्यांना एवढाच मान? इथे प्रेक्षकांच्या पत्रांची पोती उपसून आमचे हात दुखताहेत. तीन गठ्ठे करतो: कौतुक, शिव्या, चुका. कौतुक सगळं साहेबांच्या त्या वाक्याचं, ‘मला भाऊ नाही, पक्ष आहे.’ शिव्या सगळ्या त्यांच्या धाकट्या भावाला. नव्वदीचे ते गृहस्थ माहितीपटात एवढंच म्हणाले, की ते वाक्य छापून आलं आणि मी त्या घराची पायरी चढणं सोडलं. तर लोक लिहितात, हा कुजका म्हातारा अजून जिवंत कसा. वाचून हात धुवावेसे वाटतात.

गोळ्या वेळेवर घ्या, नाहीतर आई माझ्या नावाने बोटं मोडते.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते),
ठकू

ता. ९

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

उठून गेलो, कारण ते वाक्य माझं आहे. त्या बंद खोलीतल्या बैठकीत माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. वाकून पिशवीतून दुसरी काढेपर्यंत साहेब बोलत पुढे गेले होते. टंकताना मधली जागा मी मनाने भरली. त्यांची ढब मला पाठ होती, त्याचा तोराही होता. सकाळी पेपरात तोच मथळा झाला. साहेबांनी बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच गेलो. ते म्हणाले, वाक्य चांगलं आहे, राहू द्या. मी राहू दिलं. खोलीतल्या पाचांपैकी आज मी एकटा उरलोय.

हे सगळं कबूल करणारं सोबतचं पत्र चुकांच्या गठ्ठ्यात घाल आणि एक प्रत धाकट्यांना पोचव. बापाचं म्हणून वर ठेवू नकोस, खाली दाबूही नकोस. धाकटेही गेल्यावर खरं सांगून काय करू?

तुझा,
बाबा

ता. १३

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र एक दिवस माझ्या खणात होतं. आज त्यांना शिव्या देणारे उद्या तुम्हाला देतील, आणि आई त्याच लोकांमधून भाजीला जाते. रागही आला. माझ्या निबंधात तुम्ही कधी एक शब्द भरून दिला नाहीत.

काल ते चुकांच्या वहीत चढवलं. निर्मात्यांनीही वाचलं. प्रत घेऊन मी स्वतः धाकट्यांकडे गेले. त्यांना दिसत नाही. दोनदा वाचायला लावलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, की मग त्या जागी दादा खरं काय बोलला होता.

त्यांच्याकडे आठवडाच उरलाय, असं डॉक्टर म्हणतात. बाबा, एखादं मायेचं वाक्य लिहून पाठवा. ढब तुम्हाला पाठ आहे. कुणाचं काय जातंय?

उलट टपाली उत्तर द्या. रागावू नका.
ठकू

ता. १५

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

चार कागद फाडले. वाक्य सुचलं होतं. चांगलं होतं, त्यांना खरं वाटलं असतं, म्हणूनच पाठवत नाही. ती जागा मी एकदा भरली आहे.

मी वाकलो होतो, मला ऐकू आलं नाही, हे त्यांना सांगावं लागेल. तू सांगू नकोस. गुरुवारच्या गाडीने मीच येतोय. आईने बॅग भरली आणि गोळ्या वर ठेवल्या.

तोवर त्यांना थांबायला सांग.

बाबा