खुर्ची भिंतीपासून लांब

ताई,

ताटलीत चेपलेले बारा वाटाणे होते. छकुलीने बाराही खाल्ले, तेव्हा पुन्हा भरवू नकोस. ती भाऊजींच्या मांडीवर आहे. त्यांना मी अजून काही बोललेले नाही. माझी बस सव्वाआठची आहे आणि तू आंघोळीला गेली आहेस. दाराबाहेरून ओरडून सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहिते.

छकुली डावा हात वापरत नाही, हे काल सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलंच. "चार बुकं शिकलीस म्हणून माझ्या पोरीत खोट काढू नकोस," हे तुझं बोलणं मला लागलं, पण तुझा मुद्दा बरोबर होता. तिची खुर्ची डावीकडून भिंतीला टेकलेली असते, मग तो हात ती हलवणार कुठे? म्हणून आज खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि एकेक वाटाणा तिच्या डाव्या हाताशी ठेवला. प्रत्येक वेळी तिने अंग वळवून तो उजव्याच हाताने उचलला.

दहाव्या महिन्यात मुलं दोन्ही हात वापरतात. कुठला हात सोईचा, हे एवढ्यात ठरत नाही. ठरलेलं दिसलं तर दाखवून घ्यावं, आणि लवकर दाखवलेलं बरं. डॉक्टरीणबाईंची चारची वेळ घेतली आहे. माझ्यावर हवी तेवढी चिडून घे, पण जा. मी परस्पर तिथे येते.

डॉक्टरीणबाईंना एवढं सांग. उजवा हात हळूच धरून मी डाव्या मुठीला तीनदा चमचा टेकवला. मूठ उघडायला पहिल्यांदा एकोणीस सेकंद लागले, दुसऱ्यांदा सव्वीस. तिसऱ्यांदा दोन मिनिटांत उघडली नाही.