बर्फावाचून काही अडत नाही

४ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. पुढे कोणी विचारलं की सुरुवात नेमकी कधी झाली, तर तारखा हाताशी हव्यात. मी हे कोणासाठी लिहीत नाही. पण तारखा हव्यात.

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई घर सोडून कायमच्या मुलीकडे चालल्या. नको असलेलं सामान जिन्याखाली मांडून ठेवलं, ज्याला जे हवं त्याने ते न्यावं. हिने दोन कुंड्या आणि इस्त्रीचं टेबल उचललं. मी स्कीज उचलल्या. लाल. जोडी पूर्ण. बूट आहेत, तीन नंबरांनी मोठे. हातात धरायची काठी एकच. दुसरीच्या जागी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा चालेल.

हिने विचारलं, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? मी म्हणालो, प्रश्न बर्फाचा नसतोच, प्रश्न उताराचा असतो. वाक्य आपोआप सुचलं. लिहून ठेवतोय.

सासरे (वय ७९, निवृत्त सुतार, आमच्याकडेच असतात) फळीवर टिचकी मारून म्हणाले, "जावईबापू, लाकूड चांगलंय." त्यांना एवढंच कळतं.

संकल्प: बर्फ न पडणाऱ्या गावातला पहिला स्कीअर व्हायचं. वय ५१, म्हणजे योग्य. घाईचं वय उलटून गेलंय.

६ मार्च

मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले. थिअरी संपली.

प्रॅक्टिकल घरातल्या पॅसेजमध्ये. फरशीवर टाल्कम पावडर, पूर्ण डबा. पॅसेज अकरा फूट, स्की सहा फूट, म्हणजे वापरायला पाच फूट मिळतात. गेलो. पाचही फूट गेलो. त्यापुढे बाथरूमचं दार आहे आणि दाराच्या आत सासरे होते. ते म्हणाले, "उघडतो, उघडतो, एवढी घाई असेल तर आधी सांगायचं."

ही दिवसभर शिंकत होती. उजव्या अंगठ्याचं नख निळं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं कशाने लागलं. स्कीइंग, मी म्हणालो. त्यांनी केसपेपरवर "पाय घसरून" लिहिलं. डॉक्टरी खात्याची भाषा वेगळी असते.

९ मार्च, दुपारी

जिना. दुसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत गादी अंथरली आणि वर उभा राहिलो. स्कीज गादीत रुतल्या, पण गादी निघाली. मी गादीसकट पहिल्या मजल्यावर पोचलो, तेही उभ्याने (शेवटच्या चार पायऱ्या सोडून).

पहिल्या मजल्यावर निवृत्त न्यायाधीश राहतात. त्यांनी दार उघडून विचारलं, काय चाललंय? स्कीइंग, मी म्हणालो. त्यांनी दार लावलं. मग परत उघडलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा."

तंत्र जमतंय. जागा अपुरी पडतेय.

१३ मार्च

डेपोच्या वाटेवर बांधकामाची वाळू पडलीय, बरी दहा फूट उंच. ऑफिसला जाण्याआधी प्रयत्न केला. व्हिडिओत दाखवतात तसा आडवा आडवा चढलो. वर पोचायला चाळीस मिनिटं. उतरायला अर्धं मिनिट, पण मी एकटाच उतरलो. स्कीज आणि बूट वरच राहिले. मोठ्या बुटांचा हा फायदा व्हिडिओत सांगत नाहीत.

एका गवंड्याने विचारलं, तुम्ही वीजमंडळाकडून आलात का? हो म्हणालो. सगळ्यांनाच समजावत बसलो तर सराव कधी करायचा?

१५ मार्च, सकाळी ११.३०, केबिनमधून

एवढी साधी गोष्ट इतके दिवस कशी दिसली नाही!

मी मिठाच्या डेपोत वजनकाट्यावर कारकून आहे. ट्रक भरून आला की त्याचं वजन करायचं, रिकामा गेला की करायचं. केबिनच्या मागे मिठाची रास आहे. तीस फूट. पांढरी शुभ्र. अठ्ठावीस वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसलोय, कारण ट्रक समोरून येतात. आज खुर्ची वळवली. नुसता बघत राहिलो. दोन ट्रक तसेच गेले.

१६ मार्च

मॅनेजरसाहेबांना भेटलो. हेड ऑफिसने विचारलंय की डेपोचं नाव लोकांपर्यंत जावं म्हणून काय करता? साहेबांना काही सुचत नव्हतं. मी सांगितलं: मिठावर स्कीइंग, देशात प्रथमच. साहेबांनी पेन खाली ठेवलं. हे खायचं मीठ नाही ना, असं त्यांनी मला विचारलं. वास्तविक मॅनेजर ते आहेत. मी म्हणालो, नाही, सगळं कारखान्यांना जातं.

"आणि तुम्हाला येतं?"

"बरंच," मी म्हणालो. काय, ते त्यांनी विचारलं नाही.

रविवार, अठ्ठावीस तारीख ठरली. पेपरचा बातमीदार येणार. असिस्टंट मॅनेजरची जागा वर्षभर रिकामी आहे. कंपनीला आता धडाडीची माणसं हवीत, असं साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. (खोलीत मी एकटाच होतो, पण तरीही माझ्याकडे बघून.)

१९ मार्च

राशीवर सरावाला जाणार होतो. वारा उलटा होता.

२१ मार्च

आज वारा सुलटा होता, पण रविवार. आठवड्यातून एक दिवस शरीराला विश्रांती हवी.

मुलाखतीची तयारी केली. "या क्षेत्राकडे कसे वळलात?" या प्रश्नाची तीन उत्तरं तयार आहेत. एक विनम्र, एक विनोदी, एक इतकं विनम्र की विनोदी वाटावं.

२३ मार्च, रात्री

जेवणानंतर ही टोपीला कानपट्ट्या शिवत बसली होती. माझ्यासाठीच. मध्येच म्हणाली, "अहो, खरंच वरून खाली येणार आहात?"

म्हटलं, वर गेलेला माणूस खाली येतोच.

तिने नवा दोरा ओवला. सुई चालू. नंतर एकदम म्हणाली की वाजवायची पेटी झाली, मधमाश्या झाल्या, छतावर स्ट्रॉबेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी सामान माळ्यावर गेलं. "सामानाचं काही नाही हो. तुम्ही नंतर आठ-आठ दिवस जेवताना मान वर करत नाही, ते मला बघवत नाही. घरात पडलात तर मी उचलीन. चारचौघांत पडलात तर कशी उचलू?"

मी म्हणालो, मी पडणारच नाही.

मधमाश्यांचं प्रकरण तिने काढायला नको होतं. त्या स्वतःहून गेल्या होत्या.

२७ मार्च

रंगीत तालीम करणार होतो. गुडघा गरम करता करता दुपार झाली.

संध्याकाळी मुकादमबाई केबिनमध्ये आल्या. वीस वर्षं मीठ भरणाऱ्यांची टोळी सांभाळतात. मला काटेवाले म्हणतात. "काटेवाले, चार दिवस हवा दमट आहे. रास वरून दगड झालीय. त्या फळ्या रुततील, घसरायच्या नाहीत."

मी त्यांना घर्षण समजावून सांगितलं, अगदी सोप्या भाषेत, हातवारे करून. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. उद्या येणारेत का ते घर्षण?"

अनुभवाला शिक्षणाची जोड नसली की असं होतं.

२८ मार्च, सकाळी ७.००

आज! दोन अंडी, एक केळं. ही म्हणाली, मीही येते. सासरे आधीच तयार होऊन दारात उभे होते.

२८ मार्च, संध्याकाळी

घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे गैरसमज राहणार नाहीत.

९.०० — चढायला सुरुवात. खाली चाळीसेक माणसं. टोळीतले सगळे, साहेब टाय लावून, बातमीदार, ही, सासरे. न्यायाधीशसुद्धा आले होते. पुराव्यासाठी असावेत.

९.५० — माथ्यावर. टाळ्या. त्या मात्र खऱ्या होत्या, हे नोंदवून ठेवतो.

१०.०० — सुरुवात केली. म्हणजे मी केली. रास तयार नव्हती. गुडघे वाकवले, पुढे झुकलो, काठी टोचली, मॉप टोचला. काही नाही. खालून साहेब कर्ण्यातून म्हणाले, "करा सुरू!" मी ओरडलो, "केलंय!" ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "सुरू!" ते म्हणाले, "हो, करा!" असं बराच वेळ चाललं.

१०.२० — सासरे ओरडले, "मेण लावा, मेण!" मेण कोणाकडेच नव्हतं. टोळीतले दोघे वर आले आणि त्यांनी मागून ढकललं. मी एक वीत पुढे गेलो. मोजली आहे. एक वीत स्कीइंग हेही स्कीइंगच. नंतर दोन्ही स्कीजची टोकं खपलीत घुसली आणि मी गणपुले सरांनी उभं केल्यासारखा तिथेच राहिलो. (हे सर पाचवीत होते. बाकी काही शिकवलं नाही, उभं मात्र छान करायचे.)

१०.४० — बातमीदार दगडावर बसून चहा पिऊ लागला. हिने एकदाही खाली मान घातली नाही. माझ्याकडेच बघत होती. ती मान घालती तर बरं झालं असतं.

११.०० — बूट निघेनात. पाय सुटू नयेत म्हणून अंगठ्याशी पाच मोजे कोंबले होते, तेच घट्ट बसले. मग मुकादमबाई स्वतः वर आल्या. हातात फावडं, डोक्यावर मोठं लोखंडी घमेलं. एका शब्दानेही "सांगितलं होतं ना" म्हणाल्या नाहीत. त्याचं जास्त लागलं. भराभर खपली फोडून डावा पाय मोकळा केला. उजव्यासाठी पहार लागेल म्हणाल्या, आणते. उतार बघितला. घमेलं खाली टेकवलं. त्यात बसल्या. आणि गेल्या.

गेल्या म्हणजे काय गेल्या! सूं करून. तीस फूट. दगड झालेल्या मिठावर लोखंड असं जातं की बस. थेट साहेबांच्या बुटांशी थांबल्या.

साहेब एक पाऊल मागे सरले. मग अख्खी टोळी एकदम ओरडली, आणि ज्याला जे घमेलं सापडलं ते घेऊन वर धावली.

११.०५ ते १.१५ — सगळे. बातमीदार कॅमेरा गळ्यात घालून. साहेब टाय खांद्यावर टाकून. सासरे दोनदा, दुसऱ्यांदा उलटे. न्यायाधीश एकदाच, पण उतरल्यावर म्हणाले, "पुन्हा एकदा."

शेवटी ही वर आली. माझ्यापाशी थांबली. माझी टोपी सरळ केली. म्हणाली, "पाय दुखतोय का?" नाही म्हणालो. "मी जाऊ?" जा म्हणालो. चपला माझ्या हातात दिल्या आणि घमेल्यात बसली. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिचा असला आवाज ऐकला नव्हता. किंचाळत होती, हसत होती, मध्येच माझं नाव घेत होती. आमच्या घरात नाव घेत नाहीत.

ती अकरा वेळा गेली. मी एका पायात स्की, हातात चपला घेऊन तिथेच. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते.

पहार सव्वा वाजता आली.

२९ मार्च

पेपरात पहिल्या पानावर. "मिठाच्या डोंगरावर घमेल्यांची धमाल." फोटोत ही, तोंड उघडं, केस उडालेले. मागे टोपीवाला एक जण उभा. त्याखाली छापलंय: "मागे, एक बघ्या."

हिने फोटो कापून ठेवला. बघ्या कापताना गेला नाही, हे मी तपासलं.

१ एप्रिल

असिस्टंट मॅनेजरची जागा भरली. मुकादमबाई. साहेब म्हणाले, "धडाडी." मी अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "काटेवाले, तुम्ही वर जाऊन अडकला नसता तर हे कसलं सुचतंय?" टोमणा मारला असता तर परत मारता आला असता. त्या मनापासून म्हणत होत्या.

खुर्ची पुन्हा ट्रककडे वळवली.

४ एप्रिल, रविवार

हेड ऑफिसच्या हुकमाने दर रविवारी रास लोकांसाठी खुली. ही आणि सासरे निघाले. मला काम आहे म्हणालो. कसलं काम, हिने विचारलं नाही. नुसती दारात उभी राहिली. दहा मिनिटं. शेवटी मी चप्पल घातली.

रांग फाटकापर्यंत. माझा नंबर दीड तासाने आला. वर गेलो. घमेल्याबद्दल माझ्या काही तांत्रिक शंका होत्या: सुकाणू कुठे, ब्रेक कुठे. त्या मी मांडत असतानाच हिने मागून ढकललं.

पुढचं नीट सांगता येणार नाही. डोळे मिटले होते. ही म्हणते मी ओरडलो. शब्द असे नव्हते, नुसता आवाज होता. लांबलचक.

खाली पोचल्यावर मी घमेल्यातच बसून राहिलो. हे स्कीइंग नाही, हे कोणाला तरी स्पष्ट सांगायला हवं होतं. पण तोंडात मीठ गेलं होतं आणि हसू थांबत नव्हतं. तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, "काका, उठा की आता. माणसं खोळंबलीत."

उठलो. आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.