मान मोकळी सोडायची

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा तुझ्याकडे आले त्याला तीन आठवडे झाले. त्यांच्या नावानं घातलेली माझी दोन्ही पत्रं न फोडता परत आली, म्हणून हे तुला. त्यांनी तुला काय सांगितलंय ठाऊक नाही, तेव्हा माझीही बाजू ऐक.

काचकारखान्यानं माझ्या वर्कशॉपचे ट्रे घेतले, हे खरं. रद्दी हौदात भिजवून लगदा करायचा, जाळीच्या साच्यावर ओढून घ्यायचा, वाळवायचा. प्रयोगशाळेचे काचेचे चंबू त्याच्या खळग्यांत बसवले की खोक्यात हलत नाहीत. पेंढा नको, भुसा नको, आणि पॅकिंगची शेडही नको. चौतीस वर्षं बाबा त्या शेडचे मुकादम. त्यांना आणि हाताखालच्या सहा बायकांना एका सकाळी घरी पाठवलं. मला वाटलं होतं, ट्रे फक्त लांब जाणाऱ्या मालासाठी आहेत. शेड बंद होणार याची मला खरंच कल्पना नव्हती गं. बाबांना तेवढं पटवून दे.

सोबत एक ट्रे पाठवतोय. निदान बघू देत. तुझी भावजय अजून सवयीनं त्यांचं ताट घेते आणि मग परत ठेवते.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

ता. २१ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

ट्रे पोचला, एका कोपऱ्यात चेपून. पोस्टमन त्यावर बसूनच आला असावा. बाबांनी दोन दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तर खिडकीशी बसून अंगठ्यानं एकेक खळगा दाबून बघत होते. म्हणाले, काम वाईट नाही, पण गाढवानं चंबूची मान टेकवलीय. मान मोकळी सोडायची, भार पोटावर घ्यायचा. नाहीतर खोकं आपटलं की मानेशीच तडकणार. हे मला दोनदा सांगितलं, म्हणजे तुला लिहावं म्हणून.

इतक्या वर्षांचा पेंढ्याचा धुरळा छातीत बसलाय. जिना चढताना तिसऱ्याच पायरीवर थांबतात. डॉक्टर तपासून झाल्यावर माझ्याशी बाहेर येऊन बोलले, तेव्हाच मी काय ते समजले.

त्यांना ट्रेचा राग नाही रे. काल जेवताना म्हणाले, कारखाने बदलतातच. मला एकच कळायला हवं, शेड जाणार हे त्याला आधी माहीत होतं का. मी म्हटलं, नव्हतं, त्यानं तसं लिहिलंय. तर म्हणाले, पुन्हा विचार. म्हणून पुन्हा विचारते. लवकर लिही आणि खरं लिही. मुलांची तब्येत कळव. आठवण काढत राहा.

तुझी,
ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. साचा बदलला, मान मोकळी सोडली. छातीइतक्या उंचीवरून खोकं सहा वेळा पाडलं, एकही चंबू तडकला नाही. हे बाबांना आधी सांग, मग पुढचं वाच.

मला माहीत होतं. ऑक्टोबरात मॅनेजरनं सांगितलं की ट्रे पसंत पडले तर वर्ष संपायच्या आत शेड बंद. तोवर मी तोंड उघडलं तर काम दुसऱ्याला. दोन महिने मी बाबांच्या समोर बसून जेवलो. ते शेडमधल्या गमती सांगायचे आणि मी हसायचो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. तुलाही मी खोटंच लिहिलं.

हे त्यांना वाचून दाखव. ये म्हणाले तर उभ्या पावली येतो. नको म्हणाले तर तेही बरोबरच.

लोभ मागायचं तोंड राहिलेलं नाही.

बारक्या

ता. १२ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

परवा तू बाबांचं सगळं उरकून परत गेलास. दारात तुला एक सांगायचं होतं, पण जीभ उचलली नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. दोन वाक्यं बोलले की धाप लागायची. मी साच्याचं वाचून दाखवलं. खूश झाले. सहाच वेळा का, दहा वेळा पाडायला हवं होतं, म्हणाले. पुढचं माझ्यानं वाचवेना. कागदाकडे बघत मी मनाचंच वाचलं, की बाबा, शपथेवर सांगतो, मला काही माहीत नव्हतं.

ते कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, असं होय, मग माझंच चुकलं. कागद-पेन मागितलं. चार ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला. ती चिठ्ठी सोबत आहे. पाचव्या दिवशी ते गेले.

मला वाटलं होतं, मी त्यांना सुखानं जाऊ देतेय. आता वाटतं, मरणाऱ्या बापाला मी मुलाची माफी मागायला लावली. आणि तुला ती मागू दिली नाही. जमलं तर मला पदरात घे.

तुझी,
ताई

(सोबतची चिठ्ठी)

चि. बारक्यास आशीर्वाद. तुझ्यावर उगाच संशय घेतला. बापाला माफ कर. तब्येतीला जप. ताईला अंतर देऊ नकोस.

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी वाचली आणि दोन दिवस वर्कशॉप उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उठून मावशींकडे, त्या सहाजणींतल्या एकीकडे, गेलो. शेडमध्ये वीस वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर त्या पॅकिंग करायच्या. म्हटलं, निदान एका माणसाला तरी तोंडानं सांगू.

सगळं सांगून झालं तरी भाजी निवडणारा त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, तुझ्या बाबांना ऑक्टोबरातच कळलं होतं. मॅनेजरच्या टेबलावर, शेड बंद करायचं कलम असलेला तुझ्या सहीचा कागद त्यांनी पाहिला होता. मावशींनी विचारलंही, मग पोराला जाब का विचारत नाही. त्यावर म्हणाले होते, तो आपणहून सांगेल, त्याला थोडा वेळ देऊ.

म्हणजे ताई, तू खोटं वाचत होतीस हे त्यांना कळत होतं. तरी तुझा शब्द राखायला त्यांनी कागद मागितला. ते फसले नव्हते, तेव्हा तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू त्यांना दुखवलं नाहीस. त्यांनी दोन महिने वाट पाहिली ती माझी, आणि पुन्हा विचार म्हणाले तेही त्यासाठीच.

मावशींना म्हटलं, ट्रे वाळवायच्या कामाला माणसं हवीत, तुम्ही सगळ्याजणी या. त्या नाही म्हणाल्या. मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि माझ्यामागं दार अगदी हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवारी येतोय. काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. नुसता तुझ्याजवळ बसू दे.

तुझा,
बारक्या