सोवळ्यातली ब्राह्मी

पुलगाव, ९ फेब्रुवारी १९७९

दादा आज संध्येत अडकला. ज्या माणसानं छडीच्या जोरावर माझ्याकडून सगळी विभक्तिरूपं घोकून घेतली, तो पळी हातात धरून नुसता बसला. पुढचं येईना. मी स्वयंपाकघरातून सांगितलं, तर वर मलाच म्हणतो, "मध्ये बोलू नकोस, माझं चुकतं."

वैद्यबुवांनी ताजी ब्राह्मी सांगितली. रोज सकाळी मूठभर पाल्याचा रस. म्हणाले, स्मरणशक्ती जागेवर येईल. निघताना त्यांनी मला पुन्हा माझं नाव विचारलं. असो.

१४ फेब्रुवारी

रोप आणलं. रोप कसलं — जमिनीला पोट लावून सरपटणारी बया! गाठीगाठीला मुळं सोडते, ओल दिसली की तिकडे धावते. ब्रह्मदेवाचं नाव घेऊन जन्मली आणि सुखानं नांदते गटाराकाठी.

माझ्या बायकोनं, शकूनं, मोरीच्या तोंडाशी जागा केली होती. दादानं काठी आपटली. सांडपाण्यावर वाढलेलं तो तोंडात घालणार नाही. मग ब्राह्मी चढली वृंदावनाच्या कठड्यावर, कुंडीत. डोक्यावर ऊन, आणि पाणी विहिरीचं, सोवळ्यातलं, तांब्याभर. चिखलात लोळणाऱ्या जिवाला असं पाटावर बसवलेलं मी प्रथमच पाहिलं.

२ मार्च

वाळली.

१९ मार्च

दुसरी लावली. या वेळी दादा स्वतः पाणी घालतो. घातलं की नाही ते विसरतो. पाणी विसरतो, सोवळं नाही! विसरण्यातसुद्धा काय निवड आहे माणसाची.

११ एप्रिल

दुसरीही गेली. शकूनं वैतागून कुंडी मागच्या भिंतीपलीकडे रिकामी केली. वैद्यबुवा म्हणतात, श्रद्धा कमी पडली. पुलगावच्या उन्हात श्रद्धा कुणाची टिकते?

२० मे

गंमत. भिंतीपलीकडे रामाजीची हापशी आहे. रामाजी म्हणजे रेल्वेतला बुकिंग क्लार्क, छप्पन साली बौद्ध झालेलं घर. सहज वाकून पाहिलं, तर हापशीच्या पाण्यावर हिरवी सतरंजी अंथरलेली! आमच्या कुंडीतली कुठलीशी मुळी जिवंत राहिली होती म्हणायची. तिच्यावरूनच धुणी होतात, भांडी होतात, शेजारच्या बकऱ्या जातात. बाईसाहेब मजेत.

हात घालून मूठभर खुडली. रस दिला तर दादाचा प्रश्न — "कोणाचं पाणी?"

म्हटलं, आपलंच. मी पडलो वार्ताहर. खोटं सहज जमतं, फक्त ते छापून आलेलं बरं दिसतं.

८ जून

मीराबाईनं पकडलं. रामाजीची बायको. मी भिंतीवर अर्धा लोंबकळत होतो, धोतर खिळ्यात. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, चोरून काऊन नेता? दारातून येजा, टोपलंभर नेजा. पन दादाले आमचं नाव सांगजा."

रामाजी आतून म्हणाला, "नेऊ दे वो. पेपरवाल्याशी कायले लागतं?"

ती हसली नाही. "आमच्या पान्यानं त्याइचं डोकं सुदरन," ती म्हणाली, "अन् मंग तेच डोकं आमाले दूर बसा म्हनन."

धोतर सोडवून घेतलं.

३ जुलै

पाऊस लागला, ब्राह्मी नालीपर्यंत पोचली. मधून खुडत राहावी लागते, नाहीतर आत पिवळी पडते. आता दारातून जातो. नाव मात्र सांगितलेलं नाही. सांगितलं की रस बंद.

काल दादानं सबंध संध्या न अडखळता केली! शकू दाराआड उभी राहून ऐकत होती. वैद्यबुवांनी श्रेय ताबडतोब स्वीकारलं.

१६ ऑगस्ट

वहिनीचं नाव आज दादाला आठवलं नाही. गेलेल्या बायकोचं नाव! मी कुठल्या शाळेत शिकलो तेही नाही — स्वतःच्याच शाळेत शिकवलं त्यानं मला. पण रसाची वाटी पुढे केली की स्पष्ट, खणखणीत — "कोणाचं पाणी?" कालचं जेवण आठवत नाही, जात आठवते. ब्राह्मी नेमका कुठला वाफा शिंपते आहे देव जाणे.

किळस येते मला त्या प्रश्नाची.

५ ऑक्टोबर

सांगून टाकलं. रामाजीच्या हापशीचं, मे महिन्यापासून तेच पितो आहेस.

दादानं वाटी खाली ठेवली. उठून आंघोळ केली, जानवं बदललं, उपाशी निजला. मीही जेवलो नाही.

६ ऑक्टोबर

सकाळी वाटी पुढे केली. "कोणाचं पाणी?" चेहऱ्यावर कालचं काही नाही.

म्हटलं, आपलंच.

मीराबाईनं विचारलं, सांगितलं का. म्हटलं, सांगितलं; तो विसरला. तिनं पाला माझ्या पिशवीत भरला आणि म्हणाली, "मंग रोज सांगजा."

रोज! आणि रोज त्याला उपाशी निजवायचं? तिचं बरोबर आहे. माझ्यात तेवढा दम नाही, हेही बरोबर आहे.

२१ नोव्हेंबर

संध्या सुटली. पळी-पंचपात्र दिलं की हातात घेऊन बघत बसतो. रस चालू आहे. आम्ही देतो, तो पितो. वैद्यबुवा आता कर्मविपाकावर बोलतात.

१२ डिसेंबर

सकाळी दादा घरात नव्हता. स्टेशन पाहिलं, नदीचा रस्ता पाहिला. सापडला रामाजीच्या ओसरीवर — चून-भाकर खात. मीराबाई समोर बसली होती. माझ्यादेखत तिनं त्याला सांगितलं, "दादा, हे आमचं घर हाय. रामाजीचं. हे पानी आमच्या हापशीचं हाय."

दादा "बरं" म्हणाला आणि पेला पुढे केला.

तिनं तो भरला. मग तोंड फिरवून आत गेली.

घरी आणताना मीच त्याला विचारलं, "दादा, कोणाचं पाणी प्यालास?"

तो थांबला. खूप वेळ आठवत राहिला. म्हणाला, "गोड होतं."