वरच्या सुराखालून

१६ मार्च ८६, पांढुर्णा. रवि.
नागपूरहून मित्र दिलीपने दोन रेकॉर्डी पाठवल्या. दोन्ही एकाच अमेरिकन ट्रंपेटवाल्याच्या. एक तरुणपणच्या निवडक गाण्यांची, दुसरी म्हातारपणी भर मैफलीत टिपलेली. पाकिटावर लिहिलंय, ही मैफल त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षातली. तरुणपणची ऐकून वेडा झालो. एक गाणं दोन्हीकडे आहे. पण मैफलीत नेमका वर चढायच्या जागी गडी गप्पच होतो, मग खालूनच जातो. विसरला बहुतेक. त्यात तिथेच श्रोत्यांतला कोणी मेला बोंबलतो. सगळा विचका.
सुमन म्हणाली, "शाळेतली पोरं पुरत नाहीत काय, घरीही आरडाओरडा?"

२० मार्च
चौकात किसनमामा भेटला. चाळीस वर्षं आमच्या गावच्या बँडचा ट्रंपेट. माझ्या लग्नातही तोच. आता पुढचे दोन दात पडलेत. बँडच्या मालकाने सांगितलं, या लग्नसराईत ट्रंपेट राहू दे, झांजा धर. सांगताना मामा हसत होता. मला नाही हसू आलं. रविवारी घरी बोलावलंय, रेकॉर्डी ऐकायला.

२३ मार्च
मामाने दोन्ही ऐकल्या. चहा निवून गेला. तरुणपणच्या रेकॉर्डीला नुसती मान हलवली. मैफलीतली ती गप्प जागा आली तसा ताडकन उठला. "लावा बरं पुन्हा." चारदा लावली.
"गुरुजी, याचे दात गेले."
"म्हणजे विसरला नाही?"
"विसरते कायले? वरचा सूर आता लागत नाही, हे त्याले ठाऊक हाय. म्हणून थांबला, अन् खालून गेला. असा गेला का लोकाईले वाटावं, जायचंच होतं खालून."
आठ दिवस ज्याला चूक म्हणत होतो ते... आणि मी म्हणे रेकॉर्डींतला जाणकार! लाज वाटली. आनंद त्याहून जास्त झाला. संध्याकाळी आणखी तीनदा ऐकलं. काय हिंमत म्हाताऱ्याची!

६ एप्रिल
दिलीपचा टेपरेकॉर्डर आणला. मामाचंही असं एक गाणं टिपून ठेवायचं, मालकाला ऐकवायचं. म्हणजे झांजा तरी सुटतील. दारंखिडक्या लावल्या, पंखा बंद, सुमनला भांडी घासू दिली नाहीत. मामाला खुर्चीवर बसवलं. नुसती हवा आणि घाम. तासभर.
"बसून मले नाही येत, गुरुजी. पाय चालले का फूक चालते."
जन्मभर वरातीत चालत वाजवणाऱ्याला मी खुर्ची दिली. गाढव मी.

२० एप्रिल, सौंसर
शाळेतल्या एका गुरुजींच्या मुलीचं लग्न. बँड आमच्याच गावचा. मामाच्या हातात झांजा. मंडपाअलीकडच्या वळणावर त्या त्याने माझ्या खांद्यावर टाकल्या, पिशवीतून ट्रंपेट काढला, वरातीचं नेहमीचं गाणं धरलं. मी समोर टेपरेकॉर्डर धरून उलटा चालतोय, दोनदा नालीत पडता पडता वाचलो. फटाके, ढोल, नाचणारी वऱ्हाडी मंडळी. वर चढायची जागा आली. मामा थांबला. ढोल तेवढा चालू. मग खालून... लिहिता येत नाही.
मालक बघत होता.

२१ एप्रिल
कॅसेट ऐकली. मामा सुरेख आलाय. पण ती गप्प जागा आली आणि कोणीतरी बोंबललं, "वाऽऽ मामा!"
मीच.

२७ एप्रिल
मामा ऐकून गेला. म्हटलं, माझ्या ओरडण्याने घात केला.
"राहू द्या. त्या रेकॉर्डीवरबी एक हायच ना."
परवा लोधीखेड्याची वरात. झांजा की ट्रंपेट, मालकाचा निरोप अजून नाही. मामाने विचारलंही नाही. निघताना दारात मात्र घुटमळला.
"गुरुजी, ही कॅसेट त्या म्हाताऱ्याले धाडता येते काय? म्हणा, पांढुर्ण्यालेबी एक खालून गेला."
इंग्रजी मामाला वाचता येत नाही. रेकॉर्डीचं पाकीट माझ्या हातातच होतं.
म्हटलं, "पत्ता शोधतो, मामा."