डोळा लागू नये म्हणून

५ मार्च १९५६
आज वर्गातच डोळा लागला. जाग आली तर चौथीच्या साऱ्या मुली हाताची घडी घालून गप्प — बाईंची झोप मोडू नये म्हणून! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झोपले की हे येतात. गिरणीतला सदरा, दारात उभे. हात पुढे करून "चल" म्हणतात. शेजारच्या शेवंतीकाकू म्हणाल्या, गेलेलं माणूस बोलावतं ते वाईट, मागे जायचं नसतं. जानेवारीत हे संयुक्त महाराष्ट्रासाठी म्हणून बाहेर पडले ते गोळीबारातच गेले. तेव्हापासून उशीला डोकं टेकायचीच भीती.

८ मार्च
सासूबाईंचं उलट. भांडी आवरली की अंथरूण घालतात. "माझो दौलत येतलो," म्हणतात नि पडतात. सकाळी चहा घेताना सांगतात — आज घावणे मागितले, आज गावच्या व्हाळात पोहत होता. चेहरा किती शांत! माझ्याच वाट्याला तो दारातला का?

१२ मार्च
शाळेत चक्कर आली. मोठ्या बाईंनी परळच्या इस्पितळात धाडलं. डॉक्टर वयस्कर. स्वप्नाचं सांगितलं, सासूबाईंचंही सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, त्या स्वप्नाची वाट बघतात, म्हणून निवांत झोपतात. तुम्ही स्वप्नाला भिता, म्हणून झोप जवळ येत नाही. मग विचारलं —

"बाई, तुम्हाला नवऱ्याची भीती वाटायची का?"

ट्राममध्ये तोंडाला पदर लावून रडले. यांची भीती! कधी आवाज चढवला नाही त्या माणसाने.

१३ मार्च
मुद्दाम लवकर पडले. हे आले. आज विचारलं — कुठे जायचं?
"चौपाटीवर. मालन, तू नेहमी उशीर करतेस."

१९ मार्च
झोपते आहे. काल भूक लागली, दोनदा भात घेतला. वर्गात मुलींवर रागावलेसुद्धा.

२५ मार्च
रविवार. चहा घेताना आज मीच आधी सांगितलं — यांनी चौपाटीवर भेळ घेतली, तिखट लागली म्हणून डोळे पुसले. सासूबाई ऐकत राहिल्या. कपातला चहा तसाच. मग माझा हात धरला.

"माझ्या सपनात तो कधीच येवक नाय गो. तुका झोप लागाक व्हयी, म्हणान मी सांगत रवलंय. कसो दिसता तो? हसता काय? माका सांग."