तीन हाका

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.४०
डोळ्यांच्या दवाखान्याच्या इतिहासात नोंद व्हावी असा अन्याय : माझ्या माइकला कोणीतरी फडकं गुंडाळलं. त्यातून माझा 'ण' बोदा येतो. लेखी तक्रार करणार. निदान तोंडी.
संकल्प : प्रत्येक पेशंटचं नाव शुद्ध पुकारायचं. ते स्वतः काय म्हणतात याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

४ तारीख
बायकोला बावीस वर्षं 'पाणी' म्हणायला शिकवतोय. आता ती न बोलताच पेला आदळते. प्रगती आहे.
बाकावर एक म्हातारे. डोळ्याचा दाब वाढलेला, तातडीचं काम. तीनदा पुकारलं, ढिम्म. नियम म्हणजे नियम : तीन हाका, मग कागद तळाशी. तळ गाठेपर्यंत दवाखाना बंद.

५ तारीख
पुन्हा तेच. समोरच बसले होते. पण हाक मारणाऱ्याने हात धरून उठवायचं नसतं. संध्याकाळी विचारलं. म्हणाले, ऐकलं की, पण कुणा मोठ्या मानसाचं नाव वाटलं. आपल्याच आडनावातला 'ण' यांना परका! आमच्याकडं सगळे 'न'च म्हणतात, म्हणे. म्हटलं, मग सगळेच चुकता.
माझा घसा बसलेला. त्यांनी पिशवीतून खोकल्याची गोळी काढली.
"घ्या साहेब. दिवसभर वरडता."
'ओरडता', असं सुधारून दिलं. गोळी बरी होती. एक देणं लागतो.
सिस्टर त्यांच्यासारखंच नाव घेऊन त्यांना आत घेऊन गेल्या. अशाने लोक सुधारणार कसे?

१० तारीख. पहाटे
नव्या हॉलच्या माइकवर कोण, ते ठरणार. मीच. दुसरं आहे कोण? गुळण्या चालू.

१२ तारीख
माइक सिस्टरना. मोठे डॉक्टर म्हणाले, यांच्या हाकेला पेशंट उठतात. उठवायचंच असेल तर घंटा काय वाईट?
मला स्टोअरमध्ये, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. शुद्धलेखनाला वाव आहे.

१९ तारीख
बाकावर म्हातारे, सुनेचा हात धरून. एक डोळा गेला, दुसऱ्यावर पट्टी. सिस्टर म्हणाल्या, पहिल्याच दिवशी आत आले असते तर वाचला असता.
दोन दिवस. सहा हाका. सगळ्या शुद्ध.
खिशातली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.
"कोन?" त्यांनी विचारलं.
बोललो नाही. आवाज ओळखला असता. सुधारलंही नाही.